अल्बम येणार म्हटलं की...

संगीतकार अजय-अतुल यांचं नवं काम येतंय, एवढी कुणकुण लागली तरी सोलापूर जिल्ह्यातल्या मोहोळमधल्या गाणंवेड्या पोरांच्या गप्पांत त्यांच्या संगीताचा ‘सैराट’ चित्रपट निघतोच. परवा मोबाइलच्या दुकानात एका कॉलेजकुमाराने विचारलं, “त्यात एवढं काय होतं?”

होतं असं, की गाणी चारच. पण त्यांच्यासाठी लॉस एंजेलिसच्या सोनी स्कोअरिंग स्टेजवर खराखुरा सिम्फनी ऑर्केस्ट्रा बसवला होता. कीबोर्डवरचा नकली वाद्यमेळ नव्हे! हेडफोन लावून ‘याड लागलं’ ऐका. व्हायोलिनचे थर एकावर एक चढत जातात आणि त्यावर अजय यांचा रांगडा, मोकळा आवाज.

‘सैराट’चे दिग्दर्शक नागराज मंजुळे करमाळा तालुक्यातल्या जेऊरचे. मोहोळच्याच रेल्वेमार्गावरचं स्टेशन! त्यामुळे सोलापूरकरांना ही गाणी घरचीच वाटली.

आणखी एक. चित्रपट 29 एप्रिल 2016 ला आला, गाणी त्याआधीच. म्हणून ‘झिंगाट’ सुरू होताच अख्खं थिएटर नाचायला उठलं. 2018 च्या ‘धडक’मध्ये ते हिंदीतही गेलं, पण मूळ मराठीची मजा काही औरच.

आता तुम्ही कोणत्या अल्बमच्या वाटेकडे डोळे लावून बसलात? रेकॉर्डिंगबद्दल काही विचारायचं असेल तर तेही बिनधास्त विचारा.