चियांग माई करार : आशियाची सामाईक गंगाजळी

■ पार्श्वभूमी : २ जुलै १९९७ रोजी थायलंडने आपल्या बाथ या चलनाचा बांधलेला दर सोडला आणि चलनसंकट इंडोनेशिया, दक्षिण कोरियापर्यंत पसरले. त्याच वर्षी जपानने मांडलेला ‘आशियाई नाणेनिधी’चा प्रस्ताव अमेरिका आणि आंतरराष्ट्रीय नाणेनिधीच्या विरोधामुळे बारगळला.

■ सुरुवात : मे २००० मध्ये थायलंडमधील चियांग माई येथे आसियान देश, चीन, जपान आणि दक्षिण कोरियाने चलन-अदलाबदलीच्या द्विपक्षीय करारांचे जाळे उभारायचे ठरवले. २०१० पासून त्याजागी एकच बहुपक्षीय करार आला.

■ रक्कम : आधी १२० अब्ज, आता २४० अब्ज डॉलर. हा पैसा एका तिजोरीत नसतो. प्रत्येक देश आपला वाटा स्वतःकडेच ठेवतो आणि मागणी मंजूर झाल्यावर अडचणीतील देशाला देतो.

■ वाटा : हाँगकाँगसह चीन ३२ टक्के, जपान ३२, दक्षिण कोरिया १६, आसियान देश मिळून २०.

■ मेख : आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचा कार्यक्रम न स्वीकारता देशाला आपल्या कर्जमर्यादेच्या ४० टक्केच रक्कम उचलता येते. २०२१ पूर्वी हे प्रमाण ३० टक्के होते.

■ देखरेख : सिंगापूरमधील ‘अ‍ॅम्रो’ ही संस्था सदस्य देशांच्या अर्थव्यवस्थांवर लक्ष ठेवते.

■ वापर : अद्याप एकदाही नाही. २००८ च्या मंदीत दक्षिण कोरियाने ३० अब्ज डॉलरची सोय केली ती अमेरिकेच्या फेडरल रिझर्व्हकडून.

■ भारत : सदस्य नाही. मात्र २०१२ पासून रिझर्व्ह बँकेची सार्क देशांसाठी अशीच योजना आहे. २०२२ मध्ये श्रीलंकेला तिच्यातून ४० कोटी डॉलर मिळाले.