पथ्याचे दालन आणि वैद्याचा शब्द

औषधालयाशेजारी नाचणी, सातू, हळद, मध, गूळ अशा सेंद्रिय जिन्नसांचे छोटे दालन उघडावे, असा विचार अनेक व्यवसायबंधूंच्या मनात येतो. तो स्तुत्यच आहे. मात्र येथे रुग्ण मालाची पारख न करता वैद्याच्या शब्दावर विसंबून खरेदी करतो. हा शब्द राखणे हेच खरे भांडवल होय.

खाद्यपदार्थांच्या विक्रीसाठी अन्न सुरक्षा व मानके कायदा, 2006 अन्वये नोंदणी वा परवाना घ्यावा. 2017 च्या विनियमांनुसार ‘सेंद्रिय’ म्हणून विकावयाच्या मालास राष्ट्रीय सेंद्रिय उत्पादन कार्यक्रमाचे अथवा पीजीएस-इंडियाचे प्रमाणन लागते. वेष्टनावर सेंद्रिय प्रमाणनाचे अधिकृत चिन्ह पाहावे. प्रमाणपत्राची मुदत, त्यातील पिकांची यादी व खरेदीचे बिल यांचा मेळ घालावा. राष्ट्रीय कार्यक्रमाखालील घाऊक मालासोबत त्या खेपेचे व्यवहार प्रमाणपत्रही मागावे.

लहान शेतकऱ्याने स्वतः थेट ग्राहकास विक्री केल्यास प्रमाणनातून सवलत आहे. आपल्या दालनास ती लागू होत नाही. अशा ओळखीच्या शेतकऱ्याचा चांगला माल अवश्य ठेवावा, परंतु ‘सेंद्रिय’ न म्हणता त्याच्या गावाच्या नावाने विकावा.

प्रमाणपत्र शेतीपद्धतीची ग्वाही देते. पुढे वाटेत झालेली भेसळ ते रोखीत नाही. हळदीत रंगासाठी लेड क्रोमेट मिसळल्याचे प्रकार उघडकीस आलेले आहेत. म्हणून हळद व मध मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत तपासून घ्यावेत.

आरंभी पाचच जिन्नस ठेवावेत, असे आम्ही सुचवितो. चिठ्ठीवर पथ्य लिहावे, दुकानाचे नाव नव्हे.