संगणकाला ‘नंतर’ म्हणू नका

आज आपण घरातल्या किंवा ग्रामसंघाच्या कार्यालयातल्या संगणकाबद्दल बोलणार आहोत. आता तो काही फक्त मुलांच्या अभ्यासापुरता राहिलेला नाही. मसाल्याच्या पाकिटावरचं लेबल, कर्जफेडीचा तक्ता, बँकेला द्यायची कागदपत्रं, सगळं त्यातच असतं.

काम चालू असताना पडद्याच्या कोपऱ्यात एक चौकोन येतो. अपडेट तयार आहे, संगणक बंद करून पुन्हा चालू करा, असं तो सांगतो. आपण घाईत असतो, म्हणून ‘नंतर’ दाबतो. दुसऱ्या दिवशी पुन्हा ‘नंतर’.

मी आधी स्वतःचीच चूक सांगते. आमच्या गटाने वापरलेला संगणक विकत घेतला, तेव्हा दुकानदाराने अपडेट बंदच करून दिले. म्हणाला, “ताई, नेट कमी लागेल.” मला बरंच वाटलं. दोन वर्षांनी एका सकाळी एकही फाइल उघडेना. फाइलींच्या नावांपुढे भलतीच अक्षरं आणि पडद्यावर पैशांची मागणी. आमच्या लेखापाल मावशींनी कागदाची वही कधी सोडली नव्हती, म्हणून हिशेब वाचला. तरी सगळं पुन्हा भरायला आम्हाला तीन आठवडे लागले. त्यानंतर मी हा विषय नीट समजून घेतला.

अपडेट म्हणजे काय? संगणक ज्या प्रोग्रामवर चालतो, त्यात सूचनांच्या लाखो ओळी असतात. त्यात कुठेतरी चूक राहतेच. अशा चुकीतून बाहेरच्या माणसाला आत शिरता येतं. कंपनीला ते कळलं की ती दुरुस्ती पाठवते. तिला पॅच म्हणतात, म्हणजे आपल्या भाषेत ठिगळ. पण गंमत अशी, की ठिगळ कुठे लावलं हे चोरालाही दिसतं. त्यावरून भोक कुठे होतं ते त्याला कळतं, आणि ज्यांनी ठिगळ लावलेलं नाही त्यांना तो शोधत फिरतो. म्हणून अपडेट आल्यानंतर ते टाळणाऱ्याला धोका जास्त.

यातला एक प्रकार वर्म, म्हणजे किडा. साधा व्हायरस बहुतेक वेळा आपण एखादी फाइल उघडली की पसरतो. किड्याला आपली गरज नसते. एका पोत्यातला सोंडे किडा शेजारच्या पोत्यात जातो, तसा तो एका संगणकातून दुसऱ्यात आपणहून शिरतो.

आता 2017 सालची गोष्ट ऐका. 14 मार्चला मायक्रोसॉफ्टने विंडोजमधल्या एका मोठ्या भोकाची दुरुस्ती दिली. 12 मे रोजी ‘वॉनाक्राय’ नावाचा किडा त्याच भोकातून सुटला. दीडशेच्या आसपास देशांतले दोन लाखांहून जास्त संगणक त्याने बंद पाडले. इंग्लंडच्या सरकारी दवाखान्यांत ठरलेली ऑपरेशनं रद्द झाली. दुरुस्ती येऊन 59 दिवस झाले होते, तरी लावली नव्हती.

मग 27 जूनला ‘नॉटपेट्या’ आला. तो युक्रेनमध्ये सुरू झाला आणि त्याच दिवशी उरणजवळच्या आपल्या जेएनपीटी बंदरापर्यंत पोचला. निफाड-दिंडोरीची द्राक्षं आणि आपला कांदा ज्या बंदरातून परदेशी जातो, तेच हे बंदर. तिथलं एक टर्मिनल डेन्मार्कच्या मर्स्क कंपनीकडे होतं. त्याचे संगणक बंद पडले आणि काम ठप्प झालं. द्राक्षांचा हंगाम तेव्हा संपलेला होता. हेच फेब्रुवारी-मार्चमध्ये झालं असतं तर काय, हे द्राक्षबागेत राबलेल्या बाईला सांगायला नको. मर्स्कला 45,000 संगणकांवर सगळं नव्याने बसवावं लागलं.

या किड्याच्या दोन गोष्टी नीट लक्षात ठेवा. पहिली, एका कार्यालयात एक जरी संगणक दुरुस्तीविना असेल, तरी त्यात शिरून हा किडा तिथले पासवर्ड चोरायचा आणि दुरुस्ती केलेल्या संगणकांतही जायचा. म्हणजे एका घराची कडी उघडी राहिली तरी अख्ख्या वाड्याला धोका.

दुसरी गोष्ट घाना देशातली. मर्स्कच्या जाळ्यात कुणाला आत येऊ द्यायचं, याची नोंद ठेवणारे सगळे सर्व्हर पुसले गेले होते. फक्त घानाच्या कार्यालयातला एक वाचला, कारण त्या वेळी तिथली वीज गेली होती आणि तो जाळ्यापासून तुटलेला होता. लोडशेडिंगचा असाही उपयोग! त्या एका प्रतीवरून कंपनीने पुन्हा उभारणी केली. आपण वीज जायची वाट बघायची नाही. आपली एक प्रत मुद्दाम वेगळी काढून ठेवायची.

तुम्ही विचाराल, हा किडा युक्रेनमध्ये शिरला कसा? तर तिथल्या एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधूनच. मग अपडेट घ्यावं की नाही? घ्यावंच. असं क्वचित घडतं. अपडेट न घेतल्यामुळे फसणारे मात्र ढिगाने असतात. डाउनी पानावर दिसायच्या आधी आपण फवारणी करतो, एखादं औषध खराब निघालं म्हणून फवारणी सोडत नाही. तसंच हे.

आता करायचं काय, ते लिहून घ्या.

एक. मायक्रोसॉफ्टची मोठी दुरुस्ती दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी येते, आपल्याकडे रात्री. म्हणून त्या आठवड्यात एका बाईने ही जबाबदारी घ्यावी. सेटिंग्जमध्ये ‘विंडोज अपडेट’ उघडून ‘चेक फॉर अपडेट्स’ दाबायचं. शेवटी रिस्टार्ट केल्याशिवाय काम पुरं होत नाही.

दोन. मोबाइलच्या हॉटस्पॉटवर नेट चालत असेल आणि ते ‘मीटर्ड’ म्हणून नोंदलेलं असेल, तर विंडोज बरेच अपडेट उतरवतच नाही. तेव्हा महिन्यातून एकदा वाय-फाय असेल तिथे लॅपटॉप न्या. आधी पूर्ण चार्ज करा, मध्येच बंद करू नका.

तीन. विंडोज 7 ला जानेवारी 2020 पासून दुरुस्त्या मिळत नाहीत. विंडोज 10 चा नियमित आधार 14 ऑक्टोबर 2025 ला संपला. घरगुती वापरासाठी नोंदणी केली तर आणखी एक वर्ष, ऑक्टोबर 2026 पर्यंत दुरुस्त्या मिळतात. संगणक विंडोज 11 घेऊ शकतो का, हे जाणकाराकडून तपासून घ्या. घेऊ शकत नसेल तर बँकेचं काम त्यावर करू नका.

चार. इंटरनेटवर एखादं पान “तुमचा संगणक धोक्यात आहे, इथे दाबा” म्हणालं, किंवा व्हॉट्सॲपवर अपडेटची फाइल आली, तर हात लावू नका. अपडेट सेटिंग्जमधूनच घ्यायचं, मोबाइलचंसुद्धा.

पाच. आठवड्यातून एकदा हिशेबाची प्रत पेन ड्राइव्हवर घ्या, आणि तो काढून कपाटात ठेवा. लावून ठेवलेला पेन ड्राइव्ह संगणकाबरोबरच जातो.

इतकं करूनही फाइली अडकल्या, तर आधी नेट तोडा. पैसे भरू नका, भरूनही फाइली मिळतील याची खात्री नसते. 1930 या सायबर मदत क्रमांकावर तक्रार करा.

आमच्या गटात आता महिन्याच्या बैठकीत बचत गोळा झाली की एक प्रश्न विचारला जातो, “अपडेट झालं का?” ज्या बाईची पाळी, तिने उत्तर द्यायचं आणि ते ठराव वहीत लिहायचं. तुमच्या पुढच्या बैठकीत हा प्रश्न विचारून बघा. आणि हो, कागदाची वही सोडू नका.