खांदेरीचा दिवा

दक्षिणेकडून मुंबई बंदराकडे येणाऱ्या जहाजाला उजव्या हाताला आधी चौलचे खडक टाळावे लागतात, मग थळसमोरचे. भरती आली की यांतले बरेचसे पाण्याखाली जातात आणि खरा धोका तेव्हाच असतो. थळच्या किनाऱ्यासमोर, मुंबईपासून साधारण २० किलोमीटरवर खांदेरी नावाचं छोटं बेट आहे. भोवती तटबंदी, आत दोन टेकाडं आणि दक्षिणेकडच्या टेकाडावर १८६७ मध्ये बांधलेलं दीपगृह. कुलाब्याच्या टोकाला समुद्रात उभा असलेला प्राँग्सचा मनोरा मुंबईकरांच्या जास्त ओळखीचा. पण तो १८७५ चा. खांदेरी त्याच्याहून आठ वर्षांनी थोरली.

खांदेरीची गोष्ट मात्र दिव्याच्या १८८ वर्षं आधी सुरू होते. १६७९ च्या पावसाळ्याअखेरीस शिवाजी महाराजांच्या हुकमावरून मायनाक भंडारी काही माणसं आणि दारूगोळा घेऊन या ओसाड बेटावर उतरला आणि तट बांधायला लागला. जंजिऱ्याच्या सिद्दीची गलबतं पावसाळ्यात मुंबईत आश्रयाला असायची. मुंबईच्या तोंडाशी आपलं ठाणं असेल तर सिद्दीवर लक्ष राहील आणि इंग्रजांवरही, हा सरळ हिशेब होता. तो इंग्रजांनाही लगेच कळला. आम्हा बंगळुरूकर मराठी मंडळींना शहाजीराजांची जहागीर इथे होती आणि बाल शिवाजी काही काळ इथे राहिले, हे सांगायची भारी हौस. नकाशा पाहिला तर इथून समुद्र दोन्ही बाजूंनी शेकडो किलोमीटर दूर. पठारावर आणि घाटमाथ्यावर वाढलेल्या राजाने नेमकं हे बेट हेरावं, याचं मला आजही नवल वाटतं.

इंग्रजांनी आधी निरोप धाडले, मग जहाजं. सप्टेंबरात बेटावर उतरण्याचा प्रयत्न करताना त्यांचा लेफ्टनंट फ्रान्सिस थॉर्प मारला गेला. १८ ऑक्टोबरला मराठा सरदार दौलतखानाच्या आरमाराने हल्ला चढवला आणि इंग्रजांची ‘डव्ह’ नावाची गुराब मराठ्यांच्या हाती लागली. ‘रिव्हेंज’ हे त्यांचं मोठं जहाज मात्र तोफांच्या जोरावर टिकून राहिलं. त्या दिवसापुरतं पाहिलं तर कोण जिंकलं यावर वाद घालता येईल. पण मोहिमेचा निकाल लागला तो रात्रीच्या अंधारात. इंग्रजांची जड जहाजं वाऱ्यावर चालणारी, त्यांना खोल पाणी हवं. मराठ्यांच्या होड्या हलक्या, वल्ह्यांच्या, उथळ पाण्यातून जाणाऱ्या. वारा पडला की वेढा घालणारे जागच्या जागी डोलत राहायचे आणि यांच्या होड्या धान्य, चुना, दगड, दारूगोळा बेटावर पोचवून उजाडायच्या आत परत. पुढे सिद्दीही इंग्रजांच्या मदतीला आला, तरी बांधकाम थांबलं नाही. १६८० च्या आरंभी इंग्रजांनी बेट मराठ्यांचं असल्याचं मान्य करून माघार घेतली. सिद्दीने शेजारचं उंदेरी बळकावलं आणि मग ही दोन बेटं कित्येक वर्षं एकमेकांवर तोफा डागत राहिली.

मराठा आरमाराचे प्रमुख कान्होजी आंग्रे यांच्या काळात खांदेरी मुंबईच्या व्यापाऱ्यांची डोकेदुखी झाली. १७१८ मध्ये मुंबईचा गव्हर्नर चार्ल्स बून याने बेटावर आरमार पाठवलं आणि हात हलवत परत बोलावलं. पुढे मराठी सत्ता मावळली आणि ज्या बेटाने इंग्रजांना इतकं छळलं ते आयतं त्यांच्या पदरात पडलं.

आता तिथे तोफांचं काम उरलं नव्हतं, पण जागेचे गुण तेच होते. खुल्या समुद्रातून येणारं गलबत इथून लवकर दिसतं. म्हणजे इथला दिवाही त्या गलबताला लवकर दिसणार. टेहळणीला जी जागा चांगली, ती दीपगृहालाही चांगली. आणि गरज तर निकडीची झाली होती. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे १८६१ ते १८६५ या काळात मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला होता, आगबोटींची ये-जा वाढली होती, १८६९ मध्ये सुएझ कालवा सुरू व्हायचा होता. आगबोट वाऱ्याची वाट बघत नाही, रात्रीही चालते. खडक मात्र जागचे हलत नाहीत.

दीपगृहाचं शास्त्र समजायला सोपं आहे. पृथ्वी गोल असल्यामुळे दिवा कितीही प्रखर केला तरी एका अंतरापलीकडे तो क्षितिजाखालीच राहतो. समुद्रसपाटीपासून ५० मीटर उंचीवरचा दिवा पाण्याच्या पातळीवरून पाहणाऱ्याला सुमारे १५ सागरी मैलांवरून दिसतो. पाहणारा १० मीटर उंच डेकवर असेल तर आणखी सहा-साडेसहा मैलांची भर पडते. म्हणूनच खांदेरीच्या २५ मीटर मनोऱ्याला खालच्या टेकाडाचा एवढा उपयोग. उरलेलं काम भिंगाचं. फ्रान्सच्या ऑगस्टीन फ्रेनेलने १८२० च्या दशकात जाड, अवजड भिंगाऐवजी काचेच्या कडांची वर्तुळं एकात एक बसवली. चहूकडे वाया जाणारा उजेड त्यामुळे एका झोतात गोळा झाला आणि तेलाची वातसुद्धा कोसांवरून दिसू लागली.

पण नुसता उजेड दिसून भागत नाही, तो कुठला हे कळावं लागतं. त्यासाठी प्रत्येक दीपगृहाच्या चमकण्याची लय ठरलेली असते: इतक्या सेकंदांनी एक, किंवा लागोपाठ दोन आणि मग विराम. तांडेल किंवा कप्तान मनात सेकंद मोजतो आणि दिवा ओळखतो. जुन्या काळी भिंग फिरवायला घड्याळाची यंत्रणा असे. मनोऱ्याच्या पोकळीत दोरीला टांगलेलं वजन हळूहळू खाली येई आणि भिंग फिरे. वजन तळाला गेलं की रखवालदाराने चावी फिरवून ते पुन्हा वर चढवायचं. हे रात्रभर. दिवा विझला तर वाईटच, पण लय चुकली तर त्याहून वाईट, कारण मग जहाज एका दिव्याला दुसराच समजतं.

हे घड्याळ अजून सुटलेलं नाही. बंगळुरूत इस्रोचं मुख्यालय आहे आणि शहराबाहेर ब्यालालूला ‘नाविक’ या भारतीय दिशादर्शक उपग्रहांचं केंद्र. आज जहाजाच्या ब्रिजवर जागा सांगणारा आकडा येतो तो अशा उपग्रहांकडून. आणि उपग्रह सांगतो ती मुळात वेळच. संदेश निघाला कधी, पोचला कधी, यावरून अंतर. एका सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाची चूक झाली की अंतरात ३०० मीटरचा घोळ, म्हणजे खडकाच्या अलीकडे की पलीकडे इतका. १ जुलै २०१३ ला सोडलेल्या पहिल्या ‘नाविक’ उपग्रहावरची आयात केलेली तिन्ही रुबिडियम घड्याळं काही वर्षांत बंद पडली आणि उपग्रह धडधाकट असूनही जागा सांगण्याच्या कामातून बाद झाला. २०२३ च्या एनव्हीएस-०१ वर देशी घड्याळ गेलं. त्यात उपग्रहांचे संकेत मुद्दाम दाबण्याचे किंवा खोटे संकेत पाठवण्याचे प्रकार तांबड्या समुद्रापासून इराणच्या आखातापर्यंत वाढले आहेत. अशा वेळी डोळ्यांनी दिसणारा, नकाशावर जागा पक्की असलेला दिवा कुणाला अडगळ वाटत नाही. १९२७ चा दीपगृह कायदा जाऊन २०२१ मध्ये सागरी दिशादर्शनाचा नवा कायदा आला, त्यात दीपगृहांचं स्थान कायम राहिलं.

१९९८ मध्ये बेटाला कान्होजी आंग्र्यांचं नाव मिळालं. ज्या आंग्र्यांना इंग्रजी कागदपत्रांत सर्रास चाचे म्हटलं गेलं, त्यांच्या नावाच्या बेटावरचा दिवा आता त्याच मुंबईची जहाजं वाटेला लावतो. कुणाचं तरी डोकं मिश्किल असणार. बेटावर लोखंडी चाकांच्या गाड्यांवर बसवलेल्या तोफा आहेत. ठोकला की भांड्यासारखा वाजणारा दगड आहे, पर्यटक त्याच्यावर खडे आपटून थकत नाहीत. आणि कोळ्यांचा वेताळ आहे, ज्याला मान दिल्याशिवाय कुणी कोळी परतत नाही.

जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या १२ किल्ल्यांना जागतिक वारसा ठरवलं, त्यात खांदेरी आहे. आता डागडुजी होईल, आराखडे होतील आणि ‘शिवकालीन’ तेवढं ठेवून बाकीचं उपरं ठरवण्याची आपली सवयही डोकं वर काढेल. माझ्या मते दीपगृह उपरं नाही. शिवाजी महाराजांनी जी जागा हेरली, तीच शत्रूच्या इंजिनिअरलाही दोन शतकांनी निवडावी लागली. त्या निवडीला याहून चांगली पावती मला सुचत नाही. खांदेरीच्या माहितीफलकावर १६७९ इतकंच १८६७ ही ठळक लिहावं, आणि पर्यटकाला मनोऱ्याचं भिंग कसं चालतं तेही दाखवावं.