पांदणरस्त्यावरचा प्रश्न: सॉलिड ॲक्सल की आयएफएस?

कळमनुरी तालुक्यातल्या डोंगरकड्याच्या आसपासचा एखादा पांदणरस्ता ऑगस्टमध्ये पाहिला असेल, तर पुढचं सगळं समजायला सोपं जाईल. काळी चिकण माती, ट्रॅक्टरच्या चाकांनी पाडलेल्या दोन खोल चाकोऱ्या, मधे गवत वाढलेला उंचवटा आणि कुठंतरी आडवा गेलेला ओढा. असल्याच रस्त्यांसाठी राज्य सरकारने २०२१ मध्ये मातोश्री ग्रामसमृद्धी शेत/पाणंद रस्ते योजना आणली. ऑफ-रोडिंग म्हटलं की डोळ्यासमोर लडाख नाहीतर सह्याद्रीतले हौशी लोक येतात. पण केळीचे घड, हळदीची पोती किंवा रात्री दवाखान्यात न्यायचा पेशंट घेऊन या चाकोरीतून जाणारी गाडी ऑफ-रोडिंगच करत असते. फक्त तिचा व्हिडिओ कुणी काढत नाही.

पीएचडी किंवा एम.टेक.ची तयारी करणारी मुलं हमखास विचारतात: "दादा, ऑफ-रोडला इंडिपेंडंट फ्रंट सस्पेन्शन चांगलं की सॉलिड ॲक्सल, हा टॉपिक घेऊ का?" घ्या की. पण आत्ता जसा आहे तसा तो टॉपिक नाही, तो चहाच्या टपरीवरचा वाद आहे. त्याचा संशोधनाचा प्रश्न कसा होतो, ते जरा सावकाश बघू.

आधी दोन्ही वस्तू. सॉलिड ॲक्सल म्हणजे बैलगाडीच्या आखासारखी रचना: डावं आणि उजवं चाक एकाच कडक दांड्यावर. डावं चाक दगडावर चढलं की अख्खा दांडा तिरका होतो. आयएफएसमध्ये पुढचं प्रत्येक चाक आपापल्या विशबोनवर वरखाली होतं आणि डिफरन्शियल चेसीला बांधलेलं असतं. सॉलिड ॲक्सलचं सगळ्यात साधं रूप बघायचं असेल तर नेहमीच्या ट्रॅक्टरच्या पुढच्या बाजूला वाका. तिथं स्प्रिंग नसतेच. दांडा मधोमध एका पिनवर झुलतो, एवढंच. तरीही बांध ओलांडताना चारही चाकं जमिनीला टेकलेली राहतात. ते का, याचं उत्तर नीट देता आलं तर अर्धा विषय कळला समजा.

आपल्याकडचा इतिहासही बघण्यासारखा आहे. १९४० च्या दशकाच्या अखेरीस महिंद्राने मुंबईत विलीज जीप जोडायला सुरुवात केली. तिला पुढेमागे सॉलिड ॲक्सल आणि पाटे. २०१० च्या थारला पुढे टॉर्शन बारवालं स्वतंत्र सस्पेन्शन आलं, मागे पाटेच राहिले. २०२० च्या थारला पुढे डबल विशबोन आणि कॉइल, मागे मल्टीलिंकवर सॉलिड ॲक्सल. पुण्याच्या फोर्स मोटर्सच्या आधीच्या गुरखाला पुढेही सॉलिड ॲक्सल होता, २०२१ च्या गुरखाला डबल विशबोन आलं. आणि त्याच २०२१ मध्ये पुण्याजवळ रांजणगावला जोडली जाऊ लागलेली जीप रँग्लर मात्र पुढेमागे सॉलिड ॲक्सलवरच. २०२३ ची मारुती जिम्नीही तशीच. आता यातला एखादा कारखाना मूर्ख आहे असं धरून चालणार का? नाही ना. म्हणजे हे लोक वेगवेगळे प्रश्न सोडवत असणार.

पहिला मुद्दा चाक जमिनीला टेकून राहण्याचा, आणि इथं एक छोटं गणित आहे जे मला फार आवडतं. सॉलिड ॲक्सलवर दोन स्प्रिंगा चाकांच्या बऱ्याच आत बसतात. समजा दोन चाकांतलं अंतर १.४५ मीटर आणि स्प्रिंगांतलं ०.८५ मीटर आहे. दोन्ही चाकं एकदम वर गेली तर दोन्ही स्प्रिंगा पूर्ण ताकदीने विरोध करतात. पण एक वर आणि एक खाली गेलं, तर विरोध स्प्रिंगांमधल्या अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात मिळतो. ०.८५ भागिले १.४५, त्याचा वर्ग: सुमारे ०.३४. स्वतंत्र सस्पेन्शनमध्ये, अँटी-रोल बार नसेल तर, चाकापाशी मोजलेला कडकपणा दोन्ही हालचालींत सारखाच असतो. म्हणजे सरळ उसळीत दोन्ही गाड्या तितक्याच मऊ ठेवल्या, तरी तिरकं होण्यात सॉलिड ॲक्सल जवळपास तिप्पट मऊ पडतो. एक चाक चाकोरीत आणि दुसरं उंचवट्यावर असलं तरी दोघांवरचं वजन फारसं बिघडत नाही. ट्रॅक्टरच्या पिनवर हा विरोध थेट शून्य असतो. वरच्या प्रश्नाचं उत्तर हेच.

पण हाच मऊपणा नांदेड–हिंगोली रस्त्यावर वळणात गाडी कलवतो. म्हणून बार लावावा लागतो, आणि बार लावला की पांदणीतला फायदा कमी होतो. रँग्लर रुबिकॉनमध्ये पुढचा बार बटणाने सुटा करायची सोय दिली आहे ती उगीच नाही.

वजन समान राहण्याला एवढं महत्त्व का? कारण साधं डिफरन्शियल दोन्ही चाकांना सारखाच टॉर्क देतं, आणि तो किती हे कमी पकड असलेलं चाक ठरवतं. एक चाक हवेत गेलं की टॉर्क जवळपास शून्य, ते चाक गरगर फिरत राहतं आणि गाडी जागची हलत नाही. डिफरन्शियल लॉक केलं की ही अडचण बरीच सुटते. गुरखाने पुढचा सॉलिड ॲक्सल सोडला, पण पुढचेमागचे दोन्ही डिफ-लॉक ठेवले. माझ्या मते त्या निर्णयातली कळीची गोष्ट हीच आहे. डिफ-लॉक आहे की नाही हे न सांगता दोन सस्पेन्शनांची तुलना करणारा पेपर दिसला, तर तो जरा संशयानेच वाचा.

दुसरा मुद्दा पोटाखालच्या उंचीचा. सॉलिड ॲक्सलमध्ये डिफरन्शियलचा गोळा चाकांच्या मधोमध लटकतो. त्याची उंची चाकाच्या त्रिज्येवर ठरते, स्प्रिंग किती दबली यावर नाही. २५५/६५ आर १८ टायरची त्रिज्या साधारण ३९४ मिमी. वजनाखाली ती ३८० धरा. गोळा मध्यरेषेच्या १५० मिमी खाली आला तर हातात राहिले २३०. गाडी रिकामी असो की पोत्यांनी भरलेली, हे २३० जवळजवळ तेवढेच. आयएफएसमध्ये उभ्या गाडीला उंची जास्त मिळू शकते, पण पुढचा भाग खड्ड्यात आदळून ८० मिमी दबला की पोटही ८० मिमी खाली येतं. नेमकं गरजेच्या क्षणी.

यावरून सॉलिड ॲक्सल जिंकला असं वाटेल, तर थांबा. काळ्या मातीत चाकं चाकोरीत शंभर-दीडशे मिमी रुतली की लटकणारा गोळा मधल्या उंचवट्यात नांगराच्या फाळासारखा घुसतो. शिवाय थार असो की बोलेरो, मागे सॉलिड ॲक्सल आहेच. पुढे काहीही लावलं तरी मागचा गोळा घासणारच. पुढच्या आयएफएसचा उंचीतला फायदा मागच्या ॲक्सलशी ताडून न बघणं ही अशा तुलनांमधली नेहमीची पळवाट आहे.

तिसरा मुद्दा स्प्रिंगेखालच्या वजनाचा. एक कच्चा हिशोब करू. आकडे कुठल्या खऱ्या गाडीचे नाहीत. टायरचा कडकपणा मीटरला २,००,००० न्यूटन, स्प्रिंगचा २५,०००. चाकाच्या वाट्याला आलेलं वजन आयएफएसमध्ये ४० किलो, सॉलिड ॲक्सलमध्ये ७५. चाकाच्या उसळीची नैसर्गिक वारंवारता पहिल्यात सुमारे १२ हर्ट्झ, दुसऱ्यात ८.७. ताशी ३० किमीला, म्हणजे सेकंदाला ८.३ मीटरला, सॉलिड ॲक्सलवालं चाक साधारण ९५ सेंमी अंतरावरच्या लाटांवर नाचायला लागतं, आयएफएसवालं ७० सेंमीवरच्या. खडीच्या रस्त्यावर पडणाऱ्या पन्हाळी पत्र्यासारख्या लाटा याच मापाच्या आसपास असतात. जड चाकाला आवरायला डँपरही जास्त राबतो. म्हणून जरा वेगात कच्चा रस्ता कापायचा असेल तर आयएफएस सरस. ताशी ५ किमीने दगड ओलांडताना मात्र या मुद्द्याला फारसा अर्थ नाही.

आता संशोधनाच्या तयारीसाठी खरी महत्त्वाची गोष्ट. वरचा हिशोब क्वार्टर-कार मॉडेलचा होता: एक चाक, एक टायर, गाडीचा पाव भाग. पुस्तकात तेच पहिलं येतं, सिम्युलिंकमध्ये तासाभरात बांधता येतं, म्हणून बरेच जण तिथेच थांबतात. पण या मॉडेलमध्ये दुसरं चाकच नाही! दोन चाकं एकमेकांना बांधलेली असणं हाच सॉलिड ॲक्सलचा मूळ गुण, आणि मॉडेलने तोच काढून टाकला. मग उरतो फक्त वजनाचा फरक, आणि निकाल कायम आयएफएसच्या बाजूने लागतो. तो निकाल गाडीबद्दल काही सांगत नाही. निदान समोरून पाहिलेलं, दोन चाकांचं हाफ-कार मॉडेल हवं, ज्यात डाव्या-उजव्या चाकोरीचा चढउतार वेगवेगळा देता येईल. व्हायव्हामध्ये गाईडने "हे मॉडेल का निवडलं?" विचारलं तर "सोपं होतं म्हणून" हे उत्तर चालत नाही.

रस्त्याचंही तसंच. आयएसओ ८६०८ मध्ये रस्त्यांचे ए ते एच वर्ग दिले आहेत. सोयीचे आहेत, पण डावी-उजवी बाजू एकमेकांशी किती जुळते हे तुम्हालाच ठरवावं लागतं, आणि सॉलिड ॲक्सलच्या बाबतीत खेळ तिथंच आहे. ट्रॅक्टरच्या कंपनांसाठी आयएसओ ५००८ मध्ये दोन पट्ट्यांचा कृत्रिम ट्रॅक आहे, डाव्या-उजव्या उंच्या वेगळ्या दिलेल्या. पांदणीच्या जास्त जवळचं तेच वाटतं. चाक किती वाकतं हे मोजायला २० अंशांच्या रॅम्पवर एक चाक चढवतात. दुसरं चाक उचलेपर्यंत रॅम्पवर कापलेलं अंतर, भागिले व्हीलबेस, गुणिले १०००. थारचा व्हीलबेस २४५० मिमी. ती १२२५ मिमी चढली तर आकडा ५००. मापन स्वस्त आहे, वर्कशॉपमध्ये करता येतं. मात्र ते कोरड्या लोखंडी रॅम्पवरचं आहे. ओल्या काळ्या मातीत टायरची खाच दोन फेऱ्यांत भरून गुळगुळीत होते आणि तिथं सस्पेन्शनपेक्षा टायर आणि जमिनीवरचा दाब जास्त ठरवतो. त्यासाठी बेकरचं १९५६ चं 'थिअरी ऑफ लँड लोकोमोशन' चाळा. जुनं आहे, पण माती दाबाखाली किती खचते हा विचार तिथून सुरू करायला हरकत नाही.

कुणी म्हणेल, एवढं कशाला, जुन्या जीपचा ॲक्सल आणून बोलेरोला पुढे बसवू आणि बघू. गावातला हुशार वेल्डर ते करूनही देईल. पण मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार गाडीच्या मूळ रचनेत असे बदल करता येत नाहीत, आणि स्टिअरिंगची भूमिती बिघडली तर हायवेला चाक थरथरायला लागतं. प्रयोगच करायचा असेल तर बाहा एसएईइंडियाच्या टीममध्ये शिरा. तिथली गाडी स्पर्धेसाठीच बांधलेली असते, रस्त्यावर आणायची नसते.

माझ्याकडे हा विषय कुणी आणला तर मी तो असा मांडायला सांगेन: ताशी १० ते ३० किमी वेगात, दीडशे मिमी खोल चाकोरी असलेल्या रस्त्यावर, पुढे आयएफएस आणि मागे सॉलिड ॲक्सल असलेल्या पिकअपमध्ये ५०० किलो माल भरल्यावर सगळ्यात हलक्या चाकावरचं वजन आणि पोटाखालची सगळ्यात कमी उंची किती बदलते? पुढेही सॉलिड ॲक्सल असता तर? हे मॉडेलमध्ये बसतं, मोजता येतं, उत्तर चुकलं तर चुकलेलं दिसतं. चाकोऱ्यांची खोली कुठून आणायची ही चिंता असेल तर पट्टी, लेव्हल आणि दोरी घ्या आणि पाऊस थांबल्यावर दुसऱ्या दिवशी पांदणीत उतरा. दर २५ सेंमीला दोन्ही चाकोऱ्यांचं एकेक माप, असे १०० मीटर. दोघं असाल तर दुपारपर्यंत होतं. गमबूट विसरू नका.