डिकीत काय मावते?

२०२५ च्या नवरात्रात मी आईची व्हीलचेअर घेऊन गाडीच्या शोरूममध्ये गेलो. आई घरीच होती. नुसती खुर्ची नेली होती. घडी घातलेली खुर्ची काचेच्या दारातून आत नेताना तिथल्या तरुण विक्रेत्याने आधी माझ्या पायांकडे पाहिले, मग माझ्यामागून कोणी येते आहे का ते पाहिले.

‘‘काका, पेशंट कुठे आहेत?’’

‘‘पेशंट नाही, माप आणलंय,’’ मी म्हटले.

गाडी घ्यायची हे ठरून सहा महिने झाले होते. आमची जुनी गाडी चौदा वर्षांची झाली होती. तिने मुलुंडच्या चढउतारांवर आणि एलबीएस मार्गावरच्या खड्ड्यांत इमानाने सेवा केली. पण आता तिला दर पावसाळ्यात गॅरेजमध्ये माहेरपणाला जावे लागे. नवी गाडी दोघांच्या पैशांतून यायची होती. अर्धे माझ्या निवृत्तीच्या पुंजीतून, अर्धे चिरंजीवांच्या कर्जातून. जिथे पैसे दोघांचे असतात तिथे मतेही दोन असतात. आमच्या घरी ती चार होती. सौ.चे एक, आणि अमेरिकेतल्या भाच्याचे एक. खरे तर सगळ्या घोळाला सुरुवात त्या भाच्यापासून झाली.

भाचा न्यू जर्सीत एडिसनला राहतो. त्याच्याकडे ह्युंदाईची सोनाटा प्लग-इन हायब्रिड आहे, २०१७ सालची. हायब्रिड म्हणजे पेट्रोलचे इंजिन आणि विजेची मोटर एकाच गाडीत, इतके आपल्याला ठाऊक असते. प्लग-इनमध्ये बॅटरी मोठी असते आणि ती घरच्या सॉकेटवर भरता येते. भाच्याच्या गाडीची बॅटरी ९.८ किलोवॅट-तासांची. एकदा भरली की कागदोपत्री २७ मैल, म्हणजे ४३ किलोमीटर, पेट्रोलचा थेंब न जाळता जाते. मग इंजिन सुरू होते. ‘‘मामा, मी पंपावर महिन्यातून एकदा जातो,’’ हे वाक्य त्याने इतक्या वेळा ऐकवले की चिरंजीवांनी कागद-पेन्सिल घेतली. मुलुंड ते अंधेरीचे मरोळ, जाऊन-येऊन साधारण चाळीस किलोमीटर. ‘‘बाबा, ही गाडी माझ्या ऑफिससाठीच बनवलीय!’’

हिशेब चुकीचा नव्हता. एका रात्रीत दहा-अकरा युनिट वीज. युनिट बारा रुपयांनी धरले तरी सव्वाशे रुपये. तेवढ्याच अंतराला पेट्रोल गाडी लिटरला बारा किलोमीटर जाते असे धरले तर साडेतीन लिटरहून अधिक पेट्रोल, म्हणजे साडेतीनशेच्या वर. पण दोन गोष्टी आड आल्या. पहिली म्हणजे, मध्यमवर्गाला झेपेल अशी प्लग-इन सेडान भारतात मिळतच नाही. ज्या आल्या त्या कोटींची भाषा बोलणाऱ्यांसाठी. दुसरी म्हणजे आमची सोसायटी. आमची पार्किंगची जागा कंपाउंडच्या भिंतीला लागून, उघड्यावर. घर तिसऱ्या मजल्यावर. भाच्याच्या गॅरेजात भिंतीवर सॉकेट आहे. माझ्या जागेच्या मागच्या भिंतीवर रंगवलेला आकडा आहे आणि वर चिंचेची फांदी आहे. मीटर खोलीतून केबल ओढायची तर कमिटीची परवानगी हवी. तो विषय वार्षिक सभेत निघाला, तेव्हा पाण्याच्या टाकीच्या दुरुस्तीपासून सुरुवात होऊन साडेदहा वाजता तो पुढच्या सभेवर गेला. अंधेरी-बोरिवलीच्या नव्या टॉवरांमध्ये चार्जर लागले आहेत, पण आमच्यासारख्या जुन्या इमारतींत अजून मोटारींना जागा कुठली, यावरच भांडणे संपलेली नाहीत.

म्हणजे राहिली ती बिनप्लगची हायब्रिड. होंडा सिटी. मे २०२२ मध्ये तिची ई-एचईव्ही ही आवृत्ती भारतात आली. तिला सॉकेट लागत नाही. इंजिन बराच वेळ जनित्रासारखे काम करते आणि चाके विजेच्या मोटरने फिरतात. ब्रेक लावला, पाय उचलला की वाया जाणारी शक्ती परत बॅटरीत जाते. हमरस्त्यावर वेग धरला की इंजिन थेट चाकांना जोडले जाते. म्हणजे जिथे आपण सगळे शिव्या देत उभे असतो, तिथेच ही गाडी जास्त वाचवते. एलबीएसवर मेट्रो ४ चे आणि जेव्हीएलआरवर मेट्रो ६ चे खांब उभे राहायला लागल्यापासून अशा जागांची आपल्याला काही कमतरता नाही. कंपनीचा दावा लिटरला २७.१३ किलोमीटर. त्याच सिटीच्या साध्या पेट्रोल ऑटोमॅटिकचा १८.४.

आणि मग टेबलावर आला तो तक्ता. ज्यांनी अलीकडे गाडी घेतली आहे त्यांना तो माहीत आहे. आडवी अक्षरे, उभ्या सोयी, मध्ये बरोबरच्या खुणा आणि रिकाम्या रेघा. एसव्ही, व्ही, व्हीएक्स, झेडएक्स. माझ्या वडिलांच्या काळी हा प्रकार नव्हता. कुर्ल्याला प्रीमियरच्या कारखान्यात तयार होणारी पद्मिनी तुम्ही नोंदवायची आणि वर्षानुवर्षे वाट पाहायची. नंबर लागला हीच एक सोय. आता वाट पाहावी लागत नाही, निवड करावी लागते. दुसरे पहिल्यापेक्षा सोपे आहे असे मला अजून वाटत नाही.

तो तक्ता मी घरी आणला आणि चार रात्री वाचला. विक्रेता तो डावीकडून उजवीकडे वाचून दाखवतो: ‘‘काका, थोडेच पैसे टाका, लगेच वरचं मिळतं.’’ मी तो उलटा वाचला. आपल्याला काय हवे ते आधी लिहिले आणि ते सर्वांत आधी कोणत्या रकान्यात येते ते शोधले. माझे गुडघे आणि रोजची रहदारी पाहता गिअर बदलायची कटकट नको. ऑटोमॅटिक एसव्हीत नव्हते, ‘व्ही’पासून होते. समोर अडथळा आला तर आपण होऊन ब्रेक लावणारी, रांग सुटली तर सावध करणारी कॅमेऱ्याची यंत्रणा २०२३ मध्ये सिटीच्या पेट्रोल गाड्यांत आली, तीही ‘व्ही’पासून. व्हीएक्सवर गेलो की छपराला काचेची खिडकी मिळे. मुंबईच्या उन्हात छपराला खिडकी कशाला, हा प्रश्न मी विचारला. चिरंजीवांनी तो ऐकला नाही असे दाखवले. झेडएक्सला चामड्यासारख्या आसनांची आणि दिव्यांची हौस.

हायब्रिड कुठे? ती आली तेव्हा फक्त झेडएक्समध्ये होती. २०२३ मध्ये जरा स्वस्त अशी हायब्रिड ‘व्ही’ आली, पण ती पुढे बंद झाली. आम्ही गेलो तेव्हा पुन्हा एकटी झेडएक्स. ज्याला नुसते पेट्रोल वाचवायचे आहे त्याने छपराची खिडकी, चामडे आणि दिवेही घ्यायचे. काटकसर ही चैनीच्या वस्तूंबरोबर बांधून विकायला ठेवलेली! भाच्याला फोन केला तर तोही हसला. त्याच्या सोनाटाच्या पेट्रोल गाड्यांच्या कितीतरी पायऱ्या होत्या, प्लग-इनच्या फक्त दोन. मात्र त्याला तिकडच्या सरकारने जवळजवळ ४,९०० डॉलरची करसवलत दिली होती.

आपल्याकडे हायब्रिडवर सरकारची मर्जी कधी असते, कधी नसते. जाणत्या वाचकांना होंडा सिव्हिक हायब्रिड आठवत असेल. २००८ च्या जूनमध्ये ती बाहेरून तयार होऊन आली, किंमत साडेएकवीस लाख. घेणारे फारसे मिळेनात, आणि त्याच वर्षाच्या अखेरीस ती तब्बल आठ लाखांनी उतरवली गेली. आधी घेणाऱ्यांचे काय झाले असेल, देव जाणे. घटस्थापनेच्या दिवशी, २२ सप्टेंबर २०२५ ला, जीएसटीचे नवे दर लागू झाले. चार मीटरपर्यंतच्या आणि १२०० सीसीपर्यंतच्या पेट्रोल-सीएनजी गाड्यांना १८ टक्के, विजेच्या गाड्यांना ५, बाकी मोठ्या गाड्यांना ४०. सिटी चार मीटरहून लांब. त्यामुळे तिची पेट्रोल आणि हायब्रिड, दोन्ही बहिणी ४० च्याच रांगेत. पेट्रोल वाचवल्याबद्दल एक पैसा माफ नाही.

आता हिशेब. तो आम्ही दोघांनी एका कागदावर केला, म्हणून भांडण झाले नाही. वर्षाला दहा हजार किलोमीटर. आमच्या वाटेवर पेट्रोल गाडी लिटरला बारा आणि हायब्रिड वीस देईल असे धरले. कंपनीचे आकडे प्रयोगशाळेतले असतात. पेट्रोल शंभर रुपये. पेट्रोल गाडीला ८३३ लिटर, हायब्रिडला ५००. वर्षाची बचत तेहतीस हजार रुपये. पेट्रोल झेडएक्स ऑटोमॅटिक आणि हायब्रिड झेडएक्स यांत फरक तीन-साडेतीन लाखांचा. म्हणजे दहा वर्षांत पैसे वसूल. ‘‘बघा!’’ चिरंजीव म्हणाले. पण झेडएक्स मला नकोच होती. मला हवी होती ‘व्ही’ ऑटोमॅटिक, आणि तिच्याशी तुलना केली तर फरक पाच-साडेपाच लाखांचा. वसुली पंधरा-सोळा वर्षांत. खासगी गाडीची पहिली नोंदणीच मुळी पंधरा वर्षांची असते, आणि बॅटरीची हमी आठ वर्षांची किंवा एक लाख साठ हजार किलोमीटरची.

तुमचे असेच निघेल असे मात्र नाही. घाटकोपरला माझा एक मित्र औषधांच्या विक्रीत आहे; तो वर्षाला पंचवीस हजार किलोमीटर गाडी हाकतो. त्याची बचत वर्षाला ऐंशी हजारांच्या पुढे जाते. त्याने झेडएक्सशी तुलना केली तर चार वर्षांत, ‘व्ही’शी केली तरी सहा-सात वर्षांत पैसे निघतात. त्याने मी हायब्रिड घेऊ नये असे सांगितले आणि स्वतः घेतली. दोन्ही बरोबरच.

मधल्या मध्ये सौ.ने विचारले, ‘‘अहो, गॅसची का नाही घेत?’’ उपनगरात ‘गॅसची गाडी’ म्हणजे सीएनजी. इथल्या रिक्षा-टॅक्सी त्यावर चालतात, आणि मुलुंडच्या पंपावरची रांग कधी-कधी नाक्यापर्यंत येते. सेडानमध्ये डिझायरची सीएनजी आहे, दावा किलोला ३३.७३ किलोमीटरचा. पण तिथेही तोच खेळ: २०२४ मध्ये आलेल्या नव्या डिझायरमध्ये सीएनजी मधल्या दोन पायऱ्यांवर, व्हीएक्सआय आणि झेडएक्सआयवर, सर्वांत खाली नाही, सर्वांत वरही नाही. आणि गॅसची टाकी ठेवतात कुठे? डिकीत. टाटांनी टिगोरमध्ये एका मोठ्या टाकीऐवजी दोन लहान टाक्या तळाशी आडव्या टाकून डिकी बरीच वाचवली. ही मला खरोखर शहाणपणाची युक्ती वाटली. पण ऑफिसला जाण्याआधी गॅसच्या रांगेत उभे राहण्याची चिरंजीवांची तयारी नव्हती.

डिकीवरून मला खुर्ची सुचली ती तेव्हाच. आई चौऱ्याऐंशी वर्षांची आहे. दोन वर्षांपूर्वी तिचे खुब्याचे हाड मोडले. घरात ती वॉकर धरून चालते, बाहेर खुर्ची लागतेच. तक्त्यात सगळ्यात तळाला, जिथे कोणी बघत नाही, तिथे डिकीचा आकार दिलेला असतो. सिटी पेट्रोलची डिकी ५०६ लिटर. हायब्रिडची ३०६. बॅटरी मागे बसवलेली, म्हणून. (भाच्याच्या सोनाटाचेही तेच: साध्या गाडीत १६.३ घनफूट, प्लग-इनमध्ये ९.९.) घरी येऊन मी टेप घेतला. खुर्चीची घडी: नव्वद सेंटिमीटर, पंचाहत्तर, तीस. गुणाकार केला, दोनशे दोन लिटर. बरोबर तेवढीच जागा बॅटरीने घेतलेली!

म्हणून खुर्ची घेऊन शोरूममध्ये. हायब्रिडच्या डिकीत ती मावली, खोटे कशाला बोला. मावली, पण मग आईचा वॉकर, औषधांची पिशवी, चार दिवसांचे कपडे, यांना मागच्या सीटवर आमच्या मांडीवर यावे लागले असते. पेट्रोल गाडीत खुर्ची ठेवून सूटकेसही राहिली. चिरंजीवांनी दोन्ही डिक्यांची झाकणे दोन-दोनदा लावून पाहिली. मग म्हणाले, ‘‘आजी महिन्यातून किती वेळा बाहेर जाते, बाबा?’’

प्रश्न रास्त होता. पैसे त्याचेही होते, आणि रोज दीड-दीड तास त्या खांबांमध्ये तोच अडकणार होता. हायब्रिडला चारही चाकांना डिस्क ब्रेक, बटणाचा हँडब्रेक, सिग्नलला पाय दाबून ठेवायला नको. हे सगळे त्याच्या डाव्या-उजव्या पायाचे सुख. मी त्याला उत्तर दिले नाही. घरी आईलाच विचारले, कुठे जावेसे वाटते. ती म्हणाली, ‘‘बोरिवलीला. सुमनकडे.’’ सुमन म्हणजे माझी मावशी, तिची धाकटी बहीण. दोघी एकाच शहरात राहतात आणि दोन वर्षांत भेटल्या नव्हत्या. रिक्षात खुर्ची बसत नाही, लोकलचा प्रश्नच नाही, आणि जुन्या गाडीवर कोणाचा भरवसा नव्हता.

दसऱ्याला पेट्रोल ‘व्ही’ ऑटोमॅटिक दारात आली. हार घातला, नारळ फोडला, लिंबे चिरडली. छपराला खिडकी नाही. उरलेल्या पैशांपैकी काही चिरंजीवांचे कर्ज कमी करण्यात गेले. ही अट त्यानेच घातली होती.

पुढच्या रविवारी आम्ही बोरिवलीला निघालो. आई पुढे, चिरंजीव चाकावर, आम्ही दोघे मागे. डिकीत खुर्ची, वॉकर, कपडे, आणि मावशीसाठी कडबोळ्यांचा डबा, तो आईने स्वतः बांधला होता. पवईच्या पुढे नेहमीसारखी गर्दी लागली. समोरच्या पडद्यावर सरासरीचा आकडा दिसतो. तो बाराचा अकरा झाला, अकराचा साडेदहा. चिरंजीवांनी आरशातून माझ्याकडे एकदा पाहिले.

आई खिडकीतून बाहेर बघत होती. ‘‘हा तलाव एवढाच होता का रे?’’ तिने विचारले, आणि उत्तराची वाट न पाहता म्हणाली, ‘‘सावकाश ने. मला काही घाई नाही.’’