एसएमएस आणि सत्तांतर : फिलिपिन्स, २००१

१६ जानेवारी २००१ रोजी फिलिपिन्सचे राष्ट्राध्यक्ष जोसेफ एस्त्रादा यांच्यावरील महाभियोगात बँक-व्यवहारांच्या पुराव्याचे पाकीट न उघडण्याचा निर्णय सिनेटने ११ विरुद्ध १० मतांनी घेतला. त्याच रात्री काळे कपडे घालून एड्सा या मनिलातील हमरस्त्यावर जमण्याचे आवाहन एसएमएसद्वारे पसरले. संदेश परिचितांकडून येत असल्याने विश्वासार्ह ठरत. तथापि सत्तांतराचे सारे श्रेय मोबाइलला देणे प्रस्तुत लेखकास मान्य नाही. १९८६ मध्ये मार्कोस राजवट उलथविणारे आंदोलन एड्सावरच झाले होते. संदेशात अधिक स्पष्टीकरणाची गरजच नव्हती. शिवाय १९ जानेवारीस सैन्याने पाठिंबा काढला व दुसऱ्याच दिवशी एस्त्रादा पायउतार झाले. एप्रिलमध्ये त्यांच्या अटकेनंतर त्यांचे गरीब समर्थकही एड्सावर लोटले. मात्र या वेळी सैन्य नव्या सरकारच्या पाठीशी राहिले.